चुकीचे पर्याय खरे हवेत

वाचकांचे प्रश्न : वैद्यकीय परीक्षेचा प्रश्न कसा बेतावा

नाशिकला १९९८ साली आरोग्य विज्ञान विद्यापीठ आले. तेव्हापासून एमबीबीएसपासून आयुर्वेद आणि नर्सिंगपर्यंतच्या पेपरांची चर्चा या गावात स्टाफरूमइतकीच चहाच्या टपरीवरही होते. मागच्या अंकात आम्ही प्रश्न काढणाऱ्यांना त्यांच्या अडचणी कळवायला सांगितले होते. आलेल्या पत्रांतली निवडक पत्रे, थोडी कापून, उत्तरांसह देत आहोत.

मेडिसिनचा सहायक प्राध्यापक आहे. विभागाच्या प्रश्नपेढीसाठी दर टर्मला २० एमसीक्यू (बहुपर्यायी प्रश्न) द्यावे लागतात. बरोबर उत्तर लगेच सुचते, दोन चुकीचे पर्यायही सुचतात, चौथ्याला मात्र घोडे अडते. मग ‘वरीलपैकी सर्व’ टाकून मोकळा होतो. दुसरा काही मार्ग आहे का? (गंगापूर रोड, नाशिक)

घोडे चौथ्या पर्यायाशी अडलेले दिसते, पण गाडी त्याआधीच रस्ता चुकलेली असते. तुम्ही बरोबर उत्तरापासून सुरुवात करता आणि त्याच्या आजूबाजूला भरताड शोधता. क्रम उलटा करा. या विषयात मुले वॉर्डात नेमकी कुठे चुकतात ते आधी कागदावर लिहा. तीन चुका सापडल्या की तीन डिस्ट्रॅक्टर (चुकीचे पर्याय) तयार झाले, आणि बरोबर उत्तर तर तुमच्याकडे आहेच.

सर्पदंशाचे उदाहरण घेऊ. प्रश्नपेढ्यांमध्ये सहसा असा प्रश्न सापडतो : ‘घोणशीच्या दंशाबाबत खालीलपैकी कोणते विधान खरे नाही?’ खाली चार विधाने असतात. एक सापाच्या कुळाबद्दल, एक सुजेबद्दल, एक एएसव्हीच्या (सापाच्या विषावरच्या उताऱ्याच्या) मात्रेबद्दल आणि एक मूत्रपिंडाबद्दल. हे चार वेगळे खरे-खोटे प्रश्न एका दोरीत बांधलेले आहेत. पर्याय झाकले तर विद्यार्थ्याला काय विचारले आहे तेही कळणार नाही.

आता चुका मांडू. रक्त गोठत नाही म्हटले की काहींना वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारे औषध, ज्यावर व्हिटॅमिन के हा उतारा) आठवते आणि ते व्हिटॅमिन के देतात. काही थेट प्लाझ्मा लावतात, पण विष रक्तात मोकळे फिरत असताना प्लाझ्मातून दिलेले गोठण-घटकही तेच खाऊन टाकते, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. काहींना सुजलेला पाय दिसला की फॅसिओटॉमी (दाब कमी करायला स्नायूंवरचे आवरण कापणे) सुचते. या तीन चुकांवर प्रश्न असा उभा राहतो :

दिंडोरी तालुक्यात द्राक्षबागेत काम करणाऱ्या ३५ वर्षांच्या पुरुषाच्या घोट्याला संध्याकाळी साप चावला. साप कोणता ते त्याला दिसले नाही. दोन तासांनी पाय गुडघ्यापर्यंत सुजला आहे, हिरड्यांतून रक्त येते आहे. रक्तदाब ११०/७०. पापण्या पडलेल्या नाहीत, श्वास नीट आहे. पावलाची नाडी लागते, बोटे हलवून पाहिल्यावर वेदना वाढत नाहीत. २० मिनिटांच्या चाचणीत रक्त गोठले नाही. आता सर्वांत आधी काय द्याल किंवा कराल?
अ) एएसव्ही शिरेतून
ब) व्हिटॅमिन के शिरेतून
क) फ्रेश फ्रोझन प्लाझ्मा
ड) फॅसिओटॉमी

पावलाची नाडी आणि बोटांची हालचाल यांचे वाक्य उगाच घातलेले नाही. ते काढा आणि प्रश्न सर्जरीच्या सहकाऱ्याला दाखवा. ‘कंपार्टमेंट सिंड्रोम (सुजेच्या दाबाने स्नायूंचा रक्तपुरवठा तुटणे) नाही हे कशावरून?’ असे तो विचारणार, आणि त्याचे म्हणणे बरोबर असेल. स्टेममधले (पर्यायांआधीच्या मजकुरातले) प्रत्येक वाक्य एकतर बरोबर उत्तराकडे न्यायला हवे किंवा एखादा चुकीचा पर्याय निर्विवाद चूक ठरवायला हवे. दोन्हींपैकी काहीच न करणारे वाक्य खोडा. रुग्ण शाकाहारी आहे, विवाहित आहे, ही माहिती केस पेपरसाठी ठेवा.

प्रश्न झाला की दोन चाचण्या घ्या. एक, पर्यायांवर हात ठेवून फक्त स्टेम वाचा. चांगला विद्यार्थी उत्तर मनात बोलू शकला पाहिजे. दोन, चारही पर्याय एकाच जातीचे आहेत का ते पाहा. चार उपचार चालतील, चार तपासण्या चालतील, चार निदाने चालतील. दोन उपचार, एक तपासणी आणि एक निदान अशी भेळ नको.

‘वरीलपैकी सर्व’ने काय बिघडते तेही पाहू. दोन पर्याय बरोबर आहेत एवढे कळले की तिसरा न वाचताही उत्तर मिळते. एक चूक आहे असे कळले की हा पर्याय आपोआप बाद होतो. म्हणजे अर्धवट माहितीवर पूर्ण गुण. ‘यापैकी एकही नाही’ची गत आणखी वाईट. त्यात विद्यार्थ्याला काय चूक आहे ते कळते हे दिसते, बरोबर काय ते कळते की नाही हे शेवटपर्यंत दिसत नाही.

आणि खरोखरच तिसरी चूक सापडली नाही तर? तीन चांगले पर्याय पुरतात, असे या विषयावरच्या अभ्यासांत दिसले आहे. पण पेपरच्या साच्यात चार हवेतच, म्हणून प्रश्न तपासून बघा. तिसरी चूक सुचत नसेल तर बहुधा मुद्दाच एमसीक्यूचा नसतो. तो व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) विचारा.

मी नर्सिंग स्कूलमध्ये ट्यूटर आहे. वर्गातल्या चाचण्या मराठीत काढते. अभ्यास न केलेल्या मुलीही पटापट बरोबर खुणा करतात. पेपर फुटलेला नाही याची खात्री आहे. (नाशिकरोड)

ताई, पेपर फुटत नसेल, पण मराठी व्याकरण उत्तर फोडत असेल. इंग्रजीतून प्रश्न काढणाऱ्यांना ‘अ’ की ‘अॅन’ एवढेच सांभाळावे लागते. आपल्याला लिंग, वचन आणि विभक्ती तिन्ही सांभाळावी लागतात. हे वाक्य पाहा : ‘छातीत कळ घेऊन आलेल्या रुग्णाचा लगेच काढायला हवा तो ____.’ पर्याय : सोनोग्राफी, ईसीजी, रक्ततपासणी, एंडोस्कोपी. ‘काढायला हवा तो’ला पुल्लिंगी शब्द लागतो आणि तो एकच आहे. ज्या मुलीला ईसीजी म्हणजे काय ते माहीत नाही, तिलाही गुण मिळाला. रिकामी जागा काढून टाका आणि पूर्ण प्रश्न विचारा : ‘...या रुग्णाची सर्वांत आधी कोणती तपासणी कराल?’ ‘कोणती लक्षणे’ असे विचारून तीन एकवचनी आणि एक अनेकवचनी पर्याय देणे हीदेखील तीच चूक.

दुसरी गळती ‘च’ची. ‘नेहमीच’, ‘कधीच’, ‘फक्त’ असलेला पर्याय मुली न वाचता खोडतात, आणि ‘बहुधा’, ‘साधारणपणे’ असलेला धरतात. वैद्यकात ‘नेहमीच’ असे फार थोडे असते हे त्यांना कळते. तिसरी गळती लांबीची. आपल्याला बरोबर उत्तर बिनचूक हवे असते म्हणून आपण त्यालाच अटी-शर्ती जोडत जातो. मग सर्वांत लांब पर्याय तोच बरोबर. पेपर झाल्यावर एकदा पट्टी लावून बघा, हसू येईल.

नकाराचा मुद्दा मराठीत जास्त बोचतो. इंग्रजीत ‘नॉट’ मोठ्या अक्षरांत छापता येते, देवनागरीत मोठी लिपी नाही. शिवाय आपले ‘नाही’ वाक्याच्या शेपटाला असते आणि घाईत वाचणारीची नजर तिथे पोचतच नाही. ‘कोणते औषध देता येणार नाही?’ऐवजी ‘कोणते औषध टाळाल?’ असे विचारा. नकार क्रियापदात गेला की चुकत नाही. ‘नाही’ ठेवायचेच असेल तर ठळक छापा, आणि त्या प्रश्नाच्या पर्यायांत दुसरा ‘नाही’ येऊ देऊ नका.

भाषेबद्दल आणखी एक. वॉर्डात सगळे ‘सलाईन’, ‘आयव्ही’, ‘बीपी’ म्हणतात. पेपरात ‘क्षारद्रावण’ आणि ‘अंतःशिरा’ लिहिले तर तुम्ही नर्सिंग तपासत नाही, शब्दकोश तपासता.

नमुना म्हणून एक प्रश्न, फवारणीच्या हंगामातला, कीटकनाशकाच्या विषबाधेवरच्या उताऱ्याचा : ‘फवारणी करताना विषबाधा झालेल्या रुग्णाला अॅट्रोपिन चालू आहे. मात्रा पुरेशी झाली हे कोणत्या निरीक्षणावरून ठरवाल?’ अ) बाहुल्या मोठ्या झाल्या, ब) दोन्ही बाजूंची छाती स्वच्छ ऐकू येते, क) नाडी १४० झाली, ड) रुग्ण बरळू लागला. चारही गोष्टी अॅट्रोपिनने होऊ शकतात, म्हणून नुसत्या तर्काने एकही पर्याय गळत नाही. उत्तर ब. फुप्फुसांतला स्राव थांबणे हे लक्ष्य आहे. बाहुल्यांकडे पाहत बसणे ही नेहमीची चूक, आणि बरळणे म्हणजे मात्रा जास्त झाल्याची खूण. इथे ‘तोंड कोरडे पडले’ हा पर्याय मुद्दाम ठेवलेला नाही. तोही स्राव आटल्याचेच लक्षण असल्याने वाद झाला असता.

मी इंटर्न आहे, नीट पीजीची (पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेची) तयारी करतो. उत्तर येत नसेल तर प्रश्न सोडावा की ठोकावा? आणि ‘क’ जास्त वेळा बरोबर असतो हे खरे का? (सिडको)

‘क’चे म्हणाल तर, पर्याय वर्णानुक्रमे किंवा आकड्यांच्या चढत्या क्रमाने लावण्याची शिस्त पाळली की असला कल राहत नाही. त्या भरवशावर बसू नका.

ठोकण्याचा हिशोब सरळ आहे. बरोबर उत्तराला ४ आणि चुकीला वजा १. चार पर्यायांत चार वेळा डोळे मिटून ठोकले तर सरासरीने एक बरोबर, तीन चूक : ४ वजा ३, म्हणजे १ गुण शिल्लक. प्रत्येक प्रश्नामागे पाव गुण. आंधळ्या ठोकाठोकीचे फळ शून्य करायचे तर चुकीला बरोबरच्या एकतृतीयांश गुण कापावे लागतात. इथे एकचतुर्थांशच कापले जातात. आता एक पर्याय उघड फालतू आहे असे समजा. तीन वेळा ठोकून एक बरोबर, दोन चूक : ४ वजा २. प्रत्येक प्रश्नामागे ०.६७. एका मेलेल्या पर्यायाने फायदा पाव गुणावरून दोनतृतीयांशावर गेला. वरच्या सहायक प्राध्यापकांनी हा हिशोब जरूर वाचावा.

आमच्याकडे ओएमआर शीट (गोळे रंगवायच्या उत्तरपत्रिका) मशीनवर तपासतात आणि निकाल लागला की गठ्ठे कपाटात जातात. आयटम अॅनालिसिस (प्रत्येक प्रश्न कसा चालला याची आकडेवारी) करा म्हणतात, पण सॉफ्टवेअर नाही. हाताने जमेल का? (इंदिरानगर)

एक्सेल आले तर दुपारभरात होते, नसेल तर वहीतही होते. समजा १०० विद्यार्थी आहेत. एकूण गुणांप्रमाणे उतरत्या क्रमाने लावा. वरचे २७ आणि खालचे २७ घ्या, मधले ४६ बाजूला ठेवा. आता प्रत्येक प्रश्नासाठी दोन्ही गटांत अ, ब, क, ड किती जणांनी निवडले ते मोजा.

प्रश्न ७ : वरच्या गटातल्या २२ जणांचे उत्तर बरोबर, खालच्या गटातल्या ९ जणांचे. डिफिकल्टी इंडेक्स (किती टक्के मुलांना प्रश्न आला) म्हणजे ३१ भागिले ५४, साधारण ५७ टक्के. डिस्क्रिमिनेशन इंडेक्स (प्रश्न हुशार आणि कच्ची मुले किती वेगळी करतो) म्हणजे २२ मधून ९ वजा करून भागिले २७, म्हणजे ०.४८. डिफिकल्टी ३० ते ७० टक्क्यांत असेल आणि डिस्क्रिमिनेशन ०.४ च्या वर असेल तर प्रश्न उत्तम, पेढीत जपून ठेवा. डिस्क्रिमिनेशन ०.३ ते ०.३९ चांगला, ०.२ ते ०.२९ दुरुस्तीला, त्याखाली नव्याने लिहा.

नावात एक गफलत आहे. डिफिकल्टी इंडेक्स जितका जास्त, तितका प्रश्न सोपा. नवीन माणूस इथे हमखास फसतो.

प्रश्न १९ : उत्तरसूचीप्रमाणे अ बरोबर. वरच्या गटात अ ११, ब १३, क २, ड १. खालच्या गटात अ १५, ब ५, क ४, ड ३. डिस्क्रिमिनेशन वजा ०.१५. हुशार मुले चुकली आणि कच्ची मुले बरोबर आली, हे ऐकूनच कान टवकारायला हवेत. हुशार मुलांचा कल ब कडे आहे. एकतर उत्तरसूचीत छापील चूक आहे, किंवा मार्गदर्शक सूचना बदलल्यामुळे ब सुद्धा बरोबर ठरतो आणि तुमच्या नोट्स जुन्या आहेत. विभागातल्या दोघांना उत्तरसूची न दाखवता प्रश्न सोडवायला द्या. ब बरोबर निघाला तर सूची दुरुस्त करून सर्वांचे गुण पुन्हा मोजा, दोन्ही बरोबर निघाले तर दोन्हींना गुण द्या. हे निकाल लावायच्या आधी करायचे, म्हणजे तक्रारीची वाट पाहावी लागत नाही.

तिसरी नजर डिस्ट्रॅक्टरवर. शंभरातल्या पाचपेक्षा कमी मुलांनी निवडलेला पर्याय मेलेला समजा. अशा प्रश्नाचा निम्मा जीव गेलेला असतो. पुढच्या वेळी फक्त तोच पर्याय बदला, प्रश्न फेकू नका.

आकड्यांच्या आहारी मात्र जाऊ नका. ‘प्रौढाला अॅनाफिलॅक्सिसमध्ये (जिवावर बेतणाऱ्या अॅलर्जीत) अॅड्रेनॅलिन किती आणि कुठे’ हा प्रश्न ९५ टक्के मुलांना आला तर डिस्क्रिमिनेशन शून्याजवळ जाईल, पण प्रश्न ठेवायचा. तो सर्वांना यायलाच हवा. आणि २५-३० मुलांच्या बॅचमध्ये २७ टक्के म्हणजे जेमतेम सात-आठ जण. तिथे एका मुलाने खूण बदलली की आकडा हलतो. अशा बॅचमध्ये दोन-तीन वर्षांचे आकडे एकत्र करूनच निर्णय घ्या.

बालरोग विभागात एकाच उत्तरपत्रिकेला दोन परीक्षकांनी १० पैकी ४ आणि ८ दिले. प्रश्न होता ‘अतिसार व त्याचे उपचार, टीप लिहा’. चूक कोणाची? (कॉलेज रोड)

प्रश्नाची. ‘टीप लिहा’ म्हणजे काय लिहू नये हेच कळत नाही. एकाने कारणांना गुण दिले, दुसऱ्याने उपचारांना. दोघेही आपापल्या जागी बरोबर.

तोच प्रश्न असा तोडा : ‘१४ महिन्यांच्या ९ किलो वजनाच्या बाळाला दोन दिवसांपासून पाण्यासारखे जुलाब. बाळ चिडचिडे आहे, डोळे खोल गेले आहेत, पोटाची चिमटीत धरलेली त्वचा हळूहळू पूर्ववत होते, पाणी अधाशीपणे पिते. (अ) जलशुष्कतेची पायरी कोणती? दोन लक्षणे कारण म्हणून लिहा. १ गुण. (ब) ओआरएस किती आणि किती वेळात? आकडेमोड दाखवा. २ गुण. (क) बाळाने उलटी केली तर आईला काय सांगाल? १ गुण. (ड) त्यानंतर काय तपासाल आणि घरी जाताना कोणते औषध, किती दिवस? १ गुण.’

प्रश्नाबरोबरच परीक्षकासाठी उत्तराचा कागद तयार करा. ब चे उत्तर ७५ मिली गुणिले ९, म्हणजे ६७५ मिली, ४ तासांत. सूत्र बरोबर आणि गुणाकार चुकला तर १ गुण, हेही कागदावर लिहून ठेवा, नाहीतर एक परीक्षक पूर्ण शून्य देतो आणि दुसरा पूर्ण दोन. क मध्ये १० मिनिटे थांबून पुन्हा हळूहळू पाजणे. ड मध्ये ४ तासांनी जलशुष्कतेची लक्षणे पुन्हा पाहणे आणि झिंक २० मिलिग्रॅम रोज १४ दिवस. दहाचा प्रश्न हवा असेल तर अशी दोन बाळे द्या.

तपासताना एका परीक्षकाने सर्व मुलांचा एकच प्रश्न तपासावा, मग पुढचा. एका मुलाचा पूर्ण पेपर सलग तपासला की पहिल्या उत्तराचे सुंदर अक्षर शेवटच्या उत्तरापर्यंत गुण ओढत नेते.

दरवर्षी क्षयावर एक प्रश्न आणि सार्कॉइडोसिसवर (क्वचित दिसणाऱ्या आजारावर) दोन, असे आमच्या प्रिलिममध्ये (विद्यापीठाच्या परीक्षेआधीच्या सराव परीक्षेत) होते. कोणाला सांगावे? (पाथर्डी फाटा)

कोणाला सांगू नका, ब्लूप्रिंट (कोणत्या विषयाला किती गुण याचे कोष्टक) मांडा. प्रत्येक विषयाला दोन आकडे द्या, १ ते ३. एक म्हणजे चुकले तर रुग्णाचे किती बिघडेल, दुसरा म्हणजे ओपीडीत किती वेळा दिसते. गुणाकार करा. क्षय ३×३ म्हणजे ९, न्यूमोनिया ९, दमा ६, सीओपीडी (श्वासनलिकांचा जुनाट आजार) ६, फुप्फुसावरणात पाणी ४, फुप्फुसाचा कर्करोग ३, सार्कॉइडोसिस १. बेरीज ३८. पेपर ४० गुणांचा असेल तर ९ ला ३८ ने भागून ४० ने गुणा : सुमारे साडेनऊ, म्हणून क्षयाला १० आणि न्यूमोनियाला १०. बाकीच्यांना ६, ६, ४, ३ आणि १. बेरीज बरोबर ४०.

हे आकडे विभागात चौघांनी बसून आधी द्यावेत, प्रश्न नंतर काढावेत. प्रश्न आधी आणि कोष्टक नंतर भरले की ते फक्त फाइलला लावण्यापुरते उरते. २०१९ च्या बॅचपासून अभ्यासक्रम क्षमताधिष्ठित (विद्यार्थ्याला काय करता यायला हवे यावर बेतलेला) झाला, त्यामुळे प्रत्येक ओळीपुढे क्षमतेचा क्रमांकही टाकता येतो. तपासणी वा कौशल्याची क्षमता असेल तर ती थिअरीतून काढून ऑस्कीच्या (ठरावीक टप्प्यांवर घेतल्या जाणाऱ्या कौशल्य-परीक्षेच्या) स्टेशनवर न्या. बीपी कसे मोजावे याचे पाच गुणांचे लिखित उत्तर सुंदर लिहूनही कफ उलटा बांधणारी मुले असतात.

एआयकडून एमसीक्यू काढून घेतले तर चालेल का? वेळ फार वाचतो. (सातपूर)

मसुद्यापुरते चालेल. तुम्ही काढलेल्या चुकांची यादी त्याला द्या आणि त्यावरच डिस्ट्रॅक्टर मागा. नुसते ‘सर्पदंशावर पाच एमसीक्यू दे’ म्हटले तर बरोबर पर्याय सर्वांत लांब, बाकीचे तीन फालतू, असा माल हमखास हाती येतो. वर दिलेली पट्टी इथेही लावा. प्रत्येक मात्रा, एकक आणि सांद्रता स्वतः ताडून पाहा. अॅड्रेनॅलिनच्या १:१००० आणि १:१०,००० मध्ये दहापट फरक आहे आणि पर्यायांत तो एका शून्याने हरवतो. उपचाराची मार्गदर्शक सूचना भारतातली आहे ना, तेही बघा, कारण एएसव्ही आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर बनते, परदेशी प्रश्नातला साप वेगळाच असतो. आणि येत्या प्रिलिमचे खरे प्रश्न सुधारायला म्हणून त्यात टाकू नका.